सात पोती सुट्टे

पैसा हा पैसाच असतो. नोटेत असो वा नाण्यात, कायद्याच्या नजरेत त्याची किंमत सारखीच. हे पहिल्या कलमात लिहिलेलं आहे आणि वाचताना ऊर भरून येतो. दुसऱ्या कलमात लिहिलं आहे की देणं फेडताना ठरावीक रकमेच्या वर नाणी आली, तर घेणाऱ्याने ती नाकारली तरी चालेल. म्हणजे किंमत सारखीच, फक्त ती घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने बघावं.

नाझरबाईंना दोन्ही कलमं पाठ होती. कोर्टात भरले जाणारे पैसे मोजून घेणं, सांभाळणं आणि ज्याचे त्याला देणं हे नाझरचं काम. या खुर्चीत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्यातून त्यांना एक तिसरं, कुठेच न छापलेलं कलम कळलं होतं: नाणी कुणाला तरी उचलावी लागतात आणि तो माणूस नेमका त्या दिवशी रजेवर असतो.

सोमवारी मात्र शिपाई हजर होता. नियमाप्रमाणे त्याने सातही पोत्यांचं पुन्हा वजन केलं. शुक्रवारी जेवढं भरलं तेवढंच. लाखेची सीलं पाहिली. जशीच्या तशी. मग त्याने पहिल्या पोत्याची शिवण उसवली आणि पोतं टेबलावर उपडं केलं.

आधी नाणी पडली, खणखणत. मग आवाज बदलला.

"बाई," शिपाई म्हणाला, "हे काय हो?"

टेबलावर लोखंडी वायसरांचा ढीग होता. नटबोल्टच्या खाली घालतात ते. गोल, मध्ये भोक.

"दुसरं उघडा."

दुसऱ्यातही तेच. सातही पोत्यांत तेच. वर वीतभर नाणी, खाली वायसर. शिपायाची पाचावर धारण बसली. तिजोरीच्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडे होती आणि ही गोष्ट आता सगळ्यांना एकदम आठवणार होती.

नाझरबाईंनी एक वायसर उचलला आणि त्याच्या भोकातून खिडकीकडे पाहिलं. शुक्रवारी त्यांनी स्वतः प्रत्येक पोत्यात हात घालून पाहिलं होतं. कोपरापर्यंत घातला असता तर बरं झालं असतं. पण कचेरी सुटायची वेळ झाली होती आणि बाहीला इस्त्री होती.

पोती होती वहिनींची. दावा चालू असताना त्यांचा दीर त्यांना सारखा "वहिनी, वहिनी" म्हणायचा, म्हणून कोर्टातही त्यांचं नाव तेच पडलं. वादी इतक्या प्रेमाने हाक मारतो असे दावे थोडे असतात आणि ते लवकर मिटत नाहीत.

वहिनींचं धुलाई केंद्र होतं. भिंतीला लागून यंत्रांची रांग. कपडे घालायचे, झाकण लावायचं, खाचेत नाणं टाकायचं. नवरा असताना यंत्रांसाठी धाकट्या भावाकडून कर्ज घेतलं. नवरा गेला, कर्ज राहिलं, भाऊजी कोर्टात आले. आदेश असा होता: सगळी बाकी एकरकमी कोर्टात भरा, नाहीतर दुकान आतल्या सामानासकट भाऊजींच्या ताब्यात. शेवटचा दिवस शुक्रवार. शुक्रवारी वहिनींनी टेम्पोतून सात पोती आणली आणि नाझरबाईंनी ती वजन करून, सील लावून, "मोजणीच्या अटीवर" ठेवून घेतली.

साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, वायसर पाहून चष्मा पुसला.

"मोजणीत कमी भरलं तर त्याच दिवशी भरून द्यायचं, असा आदेश आहे. कचेरी पाचला बंद होते. तोवर पैसे आले नाहीत तर दुकान जाईल. आणि बाईंवर कोर्टाची फसवणूक केल्याचा गुन्हा. तुमचं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं पाचला सांगते," नाझरबाई म्हणाल्या.

"आणि शिपाई?"

"त्याला सोडा, साहेब. त्याने सील न मोडता, वजनात काडीचा फरक न पडू देता सात पोती बदलली असती, तर आजवर तो शिपाई राहिला नसता."

---

वहिनी बाकावर बसल्या होत्या. शेजारी लेक आणि जावई. लेक आईचा हात धरून होती, जावई येरझाऱ्या घालत होता.

"कोर्टात पोती सुरक्षित नाहीत, तर मग कुठे असतात?" तो ओरडला. "चोर तुमच्या घरात आहे, बाई! किल्ल्या कुणाकडे होत्या ते विचारा!"

"विचारलं. बसा."

"आणि तो म्हातारा बघा तिकडे. हसतोय!"

समोरच्या बाकावर भाऊजी बसले होते. ते हसत नव्हते. त्यांचा चेहराच तसा होता.

"अहो, बसा ना," लेक म्हणाली. जावई बसला नाही. त्याचं आणि भाऊजींचं वर्षभर विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे हे सगळ्या कोर्टाला माहीत होतं. पायऱ्यांवरची त्यांची भांडणं ऐकायला लोक दुसऱ्याच्या तारखेला थांबत.

नाझरबाईंनी वहिनींना एकटीलाच आत घेतलं.

"पैसे मोजले कुणी?"

"मी आणि लेकीने. गुरुवारी दुकान बंद करून. साबणाच्या मापाने."

"म्हणजे?"

"पावडरीचं माप असतं ना, प्लास्टिकचं. ते काठोकाठ भरलं की किती नाणी बसतात ते मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं तसंच मोजते. एक कमी नाही, एक जास्त नाही. तुमच्या यंत्रावर घाला हवं तर."

"आमचं यंत्र बिघडलंय. पोती शिवली कुणी?"

"मीच. सुईने बोट भोसकलं, हे बघा." त्यांनी बोट दाखवलं. मग हात पदराखाली घेतला. "बाई, माझ्याकडे दुसरं काही नाही हो. नवऱ्याने यंत्रं ठेवली, तेवढीच. दुकान गेलं तर मी लेकीच्या दारात उभी राहणार. जावयाच्या भाकरीवर."

"मग रात्री पोती कुठे होती?"

"दुकानातच. जावईबापू थांबले राखणीला. स्वतःहून म्हणाले."

"वहिनी, एक सांगा. नाणीच का आणलीत? भाऊजींना नाकारता येतात, हे माहीत नव्हतं?"

"माहीत नसायला काय झालं! गेल्या वर्षी हप्ता नाण्यांत नेला, तर भाऊजींनी दारातच कलम म्हणून दाखवलं. चष्मा न लावता, पाठ. पिशवी परत आणली मी." वहिनी सावरून बसल्या. "म्हणून तर बँकेत जाऊन बोलले होते. साहेब चांगले आहेत तिथले. म्हणाले, एवढ्या एका वेळेला सगळे बदलून देतो, शुक्रवारी सकाळी घेऊन या."

"मग नेले का नाहीत?"

"जावईबापू म्हणाले, कशाला दोनदा ओझं वाहायचं. कोर्टाचं वेगळं असतं, कोर्टाला नाण्यांना नाही म्हणता येत नाही."

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

"शिकलेले आहेत ते," वहिनी म्हणाल्या. तेवढं कारण त्यांना पुरेसं वाटलं.

---

भाऊजी आत आले ते घड्याळ बघतच.

"मला फार वेळ नाही. पाचला ताबा घ्यायचाय."

"शुक्रवारी तुम्ही सही करून दिलीत. सर्व रक्कम नाण्यांत घेण्यास हरकत नाही, अशी."

"दिली."

"मी विचारायच्या आधीच."

"घरचा मामला आहे, बाई. वहिनींनी एवढं ओझं आणलं, ते परत न्यायला लावू? मी काय राक्षस आहे?"

"गेल्या वर्षी पिशवीभर परत न्यायला लावलंत."

"तेव्हा राग होता. आता नाही." भाऊजींनी रुमालाने मान पुसली. "भलेपणा केला, तर त्याचीही चौकशी?"

"त्याचीच जास्त होते, भाऊजी. बाकीचं रोजचं असतं."

भाऊजी उठले. दाराशी थांबले. "मला वहिनींवर गुन्हा वगैरे नको हं. दुकान मिळालं की माझं काही म्हणणं नाही."

नाझरबाई थोडा वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. हा माणूस कोर्टाच्या फीची पावती घेताना सुट्ट्यांवरून भांडला होता. वकिलाशी झेरॉक्सच्या खर्चावरून भांडला होता. कोर्टाबाहेर सायकल लावायला पैसे का, म्हणून रखवालदाराशी भांडला होता. आणि सात पोती नाण्यांना तो हरकत नाही म्हणाला.

त्यांनी शिपायाला हाक मारली.

"चला. ताब्याच्या आधी सामानाची यादी करायला लागते. सगळ्यांना दुकानात बोलवा. भाऊजींनाही."

"आत्ता? बाई, तुम्ही तर पैसे शोधणार होतात."

"तेच करतेय. सात पोत्यांतली नाणी गेली कुठे, सांगा बघू. बँकेत? बँक रोज मूठभर घेते, तीही नाक मुरडून. दुकानदार घेत नाही, सोनार घेत नाही. तुम्ही एवढी नाणी चोरलीत, तर काय कराल?"

शिपायाने मनापासून विचार केला. "पस्तावेन."

---

धुलाई केंद्रात साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास होता. दोन गिऱ्हाईकं आपापल्या यंत्रासमोर बसून गोल काचेत फिरणारे कपडे टीव्ही बघावा तसे बघत होती. रांगेच्या शेवटी मोठा ड्रायर होता, आणि त्यावर खडूने लिहिलेली पाटी: बंद आहे.

नाझरबाईंनी यादी सुरू केली. त्या प्रत्येक यंत्रासमोर थांबत, जावई ते चालू करून दाखवी, भाऊजी त्यात खोड काढत.

"हे आवाज करतं. किंमत कमी धरा."

"लिहिते."

"ह्याला गंज. ह्याचं झाकण नीट बसत नाही. बाई, ह्याची निम्मीसुद्धा किंमत येणार नाही. माझं नुकसान आहे हे सगळं."

"मग घेऊ नका ना भाऊजी," वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या.

एका गिऱ्हाइकाचं यंत्र पिळायला लागलं. ते घुमलं, थडथडलं आणि जुनी फरशी हलली तशी सगळी रांग थरथरू लागली. वरचे साबणाचे डबे किणकिणले. नाझरबाईंनी एकेका यंत्रावर हात ठेवत शेवटपर्यंत चक्कर मारली. मोठ्या ड्रायरवर हात ठेवून त्या जरा जास्त थांबल्या. सगळी रांग नाचत होती. ड्रायर ढिम्म.

"हा कधीपासून बंद?"

"शुक्रवारपासून," लेक म्हणाली. "गुरुवारी चालत होता. मीच चादरी वाळवल्या."

"पट्टा गेलाय," जावई म्हणाला. "नवीन मागवलाय."

"तुम्ही तर हातातली कामं त्याच दिवशी करता म्हणे. वहिनी सांगत होत्या, एकदा शिवणयंत्राचा पट्टा कापून लावलात."

"ह्याला तो चालत नाही."

"बरं. उघडून दाखवा, पट्टा तुटलेला लिहिते."

"उघडत नाही. अडकलाय."

नाझरबाई भाऊजींकडे वळल्या. "बंद पडलेलं यंत्र. सगळ्यात महागाचं. बोला, किती कमी धरू?"

भाऊजींनी ड्रायरकडे पाहिलं नाही. "राहू द्या. आहे तसा घेतो."

"पूर्ण किमतीत?"

"हो, हो. घरचाच आहे. उघडायचीही गरज नाही. उशीर होतोय."

नाझरबाईंनी वही मिटली.

"शिपाई, ह्या दोघांना दारातून हलू देऊ नका. आणि एक पाना द्या कुणीतरी."

पाना लेकीने दिला. खालच्या खणातून, बघायलाही न लागता. अडकलेलं दार एका हिसक्यात उघडलं. आत चादर होती. चादरीखाली नाणी होती. ड्रमच्या पोटात, काठापर्यंत. चादर ओढली तशी थोडी घरंगळून फरशीवर आली आणि गिऱ्हाइकांनी पहिल्यांदाच काचेवरून नजर काढली.

---

"पोत्यांनी मला काही सांगितलं नाही," नाझरबाई म्हणाल्या. "वजन शुक्रवारचंच, सील शुक्रवारचंच. म्हणजे वायसर शुक्रवारी कोर्टात आले तेव्हाच आत होते. वहिनी असलं करणार नाहीत, असं मी म्हणत नाही. मी कुणाबद्दलच तसं म्हणत नाही. पण फसवायचं असतं तर त्या आधी बँकेत बोलायला गेल्याच नसत्या. नोटांच्या पुडक्यात वायसर लपत नाहीत. पोत्यात लपतात. म्हणून ज्याला हा डाव खेळायचा होता, त्याला ही बाई बँकेत जायला नको होती. कोर्टाचं वेगळं असतं, असं सांगितलं कुणी?"

जावई फरशीवरच्या नाण्यांकडे बघत होता.

"गुरुवारी राखणीला थांबलं कोण? शिवण उसवून परत घालायला सगळी रात्र हाताशी होती. तेवढ्यावर मी तुम्हाला एकटं धरलं असतं. पण मग भाऊजींच्या सहीचा अर्थ लागेना. त्यांनी शुक्रवारी दुपारी नुसतं नाही म्हटलं असतं, तर वहिनी धावत बँकेत गेल्या असत्या, पोती तिथेच उघडली असती, वायसर तेव्हाच दिसले असते आणि शोधायला वेळ उरला असता. म्हणून भाऊजींनी हरकत नाही म्हटलं. पोती दोन दिवस सीलबंद राहावीत म्हणून. जो माणूस सायकलच्या पैशांवरून भांडतो, तो दोनदा भांडला नाही. एकदा नाण्यांवरून आणि एकदा आत्ता, ह्या ड्रायरवरून. दोन्ही वेळा आत काय आहे ते त्याला माहीत होतं."

"मला काय माहीत असणार?" भाऊजी म्हणाले. "दुकान ह्यांचं, यंत्र ह्यांचं, हा मुलगा ह्यांचा!"

"आणि आदेश काय आहे? दुकान आतल्या सामानासकट. नाणी बाहेर न्यायची गरजच नव्हती. पाचला किल्ली हातात आली की दुकानही तुमचं आणि बाकीही तुमची. कर्ज दोनदा वसूल."

"हे सगळं ह्या पोराचं डोकं आहे. मी तर वर्षभर ह्याच्याशी नीट बोललोसुद्धा नाही."

"काका!" जावयाचा आवाज चिरकला. "पायऱ्यांवर भांडायचं, म्हणजे कुणाला संशय येणार नाही, हे कुणी शिकवलं? दुकान तुझ्या नावावर चालवायला देतो म्हणालात ना?"

भाऊजींनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"का हो?" लेकीने विचारलं. ती ओरडली नाही. "काय कमी होतं तुम्हाला इथे?"

"यंत्रं मी दुरुस्त करायची, पाइप मी साफ करायचे, आणि गल्ला आईंच्या साबणाच्या मापात. पाच वर्षांत एकदा तरी विचारलं कुणी, की तुम्हाला काय वाटतं? मी इथला नोकरही नाही. नोकराला पगार असतो."

"मला तर सांगायचं होतं."

"तू आईंना सांगितलं असतंस."

"हो," लेक म्हणाली, "सांगितलं असतं."

मघाचं यंत्र पिळून संपलं आणि थांबलं. त्या शांततेत भाऊजींनी घसा खाकरला.

"पैसे सापडले, आनंद आहे. पण मी नाणी घेणार नाही. कलमाप्रमाणे मला नकाराचा हक्क आहे. नोटा आणा पाचच्या आत."

बँकेची रोखीची खिडकी दुपारीच बंद झाली होती. वहिनींनी भिंतीचा आधार घेतला.

"हक्क होता," नाझरबाई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत. सर्व रक्कम नाण्यांत घेण्यास हरकत नाही, खाली तुमची सही, वर साहेबांची. फार स्वच्छ अक्षर आहे तुमचं."

भाऊजींनी दाराकडे पाहिलं. दारात शिपाई उभा होता. सकाळपासून तो पहिल्यांदाच रुंद दिसत होता.

वहिनी भिंतीपासून सरळ झाल्या. त्यांनी माप उचललं, ड्रायरसमोर मांडी घातली आणि मोजायला लागल्या. लेक त्यांच्याशेजारी बसली. दोघींनी मिळून मापामागून माप दुकानातल्या रिकाम्या पोत्यांत ओतलं. मापं पुरी झाली तेव्हा वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू. पोती उचला."

त्याने उचलली. सातही. टेम्पोपर्यंत सात खेपा. प्रत्येक खेपेला लेक दाराचं कवाड धरून उभी, आणि प्रत्येक खेपेला तिने दुसरीकडे पाहिलं.

कोर्टात सकाळची टेबलावरची नाणी त्यात मिळवली आणि सगळी कचेरी मोजायला बसली, लघुलेखकासकट. पाचला थोडा वेळ उरला असताना बाकी पुरी झाली, वर एक नाणं उरलं. वहिनींनी ते परत मागितलं आणि नाझरबाईंनी त्याची रीतसर पावती करून दिली. साहेबांनी भाऊजी आणि जावई यांची कागदपत्रं पोलिसांकडे पाठवायला सांगितली. कर्ज फिटल्याच्या आदेशावर त्यांनी सही केली तेव्हा वहिनी रडल्या नाहीत. मला उद्या सातला दुकान उघडायचंय, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सातला धुलाई केंद्र उघडलं. नळाला पाणी नव्हतं.